मातीच्या पुड्या

सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या पिढीला नवं प्रतिजैविक शोधायचं म्हणजे माती गोळा करायची, एवढंच ठाऊक होतं. शेताच्या बांधावरची, उकिरड्याजवळची, देवराईतली माती पुडीत बांधायची, पुडीवर ठिकाण लिहायचं. मग ती निर्जंतुक पाण्यात ढवळून, पातळ करत करत अगारच्या प्लेटवर पसरायची आणि वाट पाहायची. काही दिवसांनी स्ट्रेप्टोमायसिसच्या खडूसारख्या कोरड्या कॉलन्या उगवत. झाकण उचललं की पहिल्या पावसाचा वास येई. तो वास मुळात याच जिवांचा. त्यांच्याजवळ रोगजंतू वाढवायचे, आणि कुठे त्यांची वाढ खुंटून प्लेट स्वच्छ राहिली का ते बघायचं. राहिली की सगळी लॅब तिथे गोळा व्हायची.

याच वाटेने १९४३ मध्ये रटगर्सला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. याच वाटेने पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या चमूला साठीच्या दशकात बुरशीविरोधी हॅमायसिन मिळालं. ते देणारा जीव कोणता, तर स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! पिंपरी म्हणजे नुसते कारखाने असं मानणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

पुढे मातीतून तेच ते रेणू पुन्हापुन्हा हाती येऊ लागले. कंपन्यांनी हात आखडला; रोगजंतू मात्र औषधांना सरावत गेले.

आता पुडी लागत नाही. २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेसार दे ला फुएंते यांच्या गटाने आर्कियांकडे मोर्चा वळवला. हे एकपेशीय जीव दिसायला बॅक्टेरियासारखे, पण वंश निराळा. कार्ल वूज यांनी तो १९७७ मध्ये ओळखला. उकळते झरे, मिठागरं, समुद्रतळ अशा जागी राहणारे हे जीव आम्हाला प्लेटवर वाढवता आलेच नसते. या गटाने ते वाढवलेही नाहीत. २३३ आर्कियांची प्रथिनं त्यांच्या ‘एपेक्स’ या संगणकीय प्रणालीने वाचली आणि त्यांत दडलेले १२,६२३ संभाव्य जंतुनाशक तुकडे वेचले. हे आर्किआसिन. आमच्या कितीतरी पावसाळ्यांचं काम!

त्यांतले ८० प्रयोगशाळेत तयार करून खऱ्या जंतूंपुढे ठेवले, तेव्हा ९३ टक्के कुठल्या ना कुठल्या जंतूवर चालले. हा आकडा वाचून मला मनापासून आनंद झाला. आमच्या वेळी शेकडो प्लेट रिकाम्या जात आणि एखादी बोलकी निघे. जंतूंपुढची परीक्षा मात्र यंत्रालाही चुकली नाही. आर्किआसिन-७३ उंदरांमध्ये ॲसिनेटोबॅक्टरविरुद्ध पॉलिमिक्सिन बी या शेवटच्या फळीतल्या औषधाच्या तोडीला उतरलं. आता ते माणसाला सोसेल का, शरीरात टिकेल का, हे पाहायचं आहे, आणि त्याला आजही वर्षंच लागतात.