आमची १० बाय १२

तिसऱ्या वर्षाला आम्हा सिव्हिलवाल्यांना एक असाइनमेंट होती. स्वतःचं घर मोजायचं आणि त्याचा प्लॅन काढून आणायचा. त्या निमित्ताने घरी जायला मिळणार म्हणून आमच्या विंगेत दिवाळीच झाली. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

कारण असं की, पहिल्या वर्षी ओळख-परेडच्या रात्री कुणीतरी विचारलं होतं, "बोईसरला राहतोस? कुठे?" आणि मी ठोकून दिलं होतं, "फ्लॅट आहे आमचा!" फ्लॅट कसला! चाळीतली भाड्याची एक खोली, वर सिमेंटचा पत्रा. पप्पा तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर, तीन शिफ्टमध्ये. खोलीत आम्ही चौघं.

शनिवारी टेप घेऊन मी थेट मावशीकडे गेलो. तिचा वन-रूम-किचन एकदम काटकोनात. तासाभरात मापं झाली. सबमिशनला 'व्हेरी गुड' शेराही मिळाला. विषय संपला, असं मला वाटलं.

शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपच्या वाट्याला प्रोजेक्ट आला : शहरातल्या कमी उत्पन्न गटासाठी टिकाऊ मॉड्युलर घरं. मॉड्युलर म्हणजे घराचे भाग कारखान्यात ठरलेल्या मापात बनवायचे आणि साइटवर आणून जोडायचे. साचा पुन्हा पुन्हा वापरला जातो, शटरिंगचं लाकूड आणि मटेरियलची नासाडी वाचते, वेळ तर वाचतोच. वाचत गेलो तसा हा विषय आपल्या घरचाच निघाला. बी. जी. शिरके यांच्या कंपनीने '३-एस' या प्रीफॅब पद्धतीने महाराष्ट्रात हजारो घरं उभी केली. सिडकोने २०२२ मध्ये उलवे भागात बामणडोंगरीला प्रीकास्ट भाग जोडून ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभारली. रांचीला केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पात तर अख्ख्या खोल्याच कारखान्यात ओतून एकावर एक रचल्या!

मग सर म्हणाले, "आता रोनन पॉइंट वाचा." लंडनमधली ही २२ मजली प्रीकास्ट इमारत. १६ मे १९६८ रोजी १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत निसटली आणि इमारतीचा एक कोपराच वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. पॅनेल कितीही मजबूत असो, घर टिकतं ते सांध्यावर. पालघरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, तेव्हा थंडीतही लोक घराबाहेर झोपत होते.

दिवाळीच्या सुट्टीत पुठ्ठ्याचं मॉडेल घरी नेलं. पप्पा नाइट करून आले होते. चहाचा कप हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "भिंत खराब झाली तर कोण बदलणार?" मी म्हणालो, "कंपनी." "आणि पोराचं लग्न झालं तर झोपणार कुठे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ते आपणहून बोलायला लागले. २००९ मध्ये टाटा हाउसिंगने बोईसरला 'शुभगृह' योजना जाहीर केली होती. सर्वांत लहान घर २८३ चौरस फूट, किंमत ३ लाख ९० हजारांपासून. पप्पांनी तेव्हा हिशोब मांडून पाहिला होता. पण त्याच वर्षी गावी आजीचं ऑपरेशन निघालं आणि तो कागद तसाच ट्रंकेत राहिला. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "मावशी सांगत होती, तू तिचं घर मोजून नेलंस म्हणे."

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. टेपचं टोक हातात घेतलं, कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हं, घे माप."

१० बाय १२. फक्त १२० चौरस फूट. पण मोजताना पहिल्यांदा दिसलं की हे घर पप्पांनी भागाभागाने वाढवलंय. भंगारातल्या लाकडाचा पोटमाळा, ज्यावर बसून मी बारावी केली. भिंतीला बिजागरीने लावलेली फळी, दिवसा आईचं शिलाईचं टेबल, रात्री बंद. दाराबाहेर तीन फुटांची पत्र्याची पडवी, पापड तिथेच वाळतात. आमच्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

हॉस्टेलवर परतून रूम पार्टनरला सगळं खरं सांगितलं. तो विक्रमगडचा, वारली. हसला आणि म्हणाला, "आमचं घरही मॉड्युलरच आहे रे! लाकडी मेढी उभ्या, मधे कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचं लिंपण. कुड कुजला तर तेवढाच बदलायचा."

चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला सिडकोसाठी १९८० च्या दशकात हेच केलं होतं. सात-सात घरं एका अंगणाभोवती, प्रत्येक घर सुटं, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता वाढवता येईल. पुढे बऱ्याच जणांनी मूळ घर पाडून मोठं बांधलं. काहींना ते अपयश वाटतं. मला वाटतं, तिथल्या लोकांना पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

आम्ही डिझाइन बदललं. सांगाडा पक्का, भूकंपाचा भार त्याच्यावर. आतल्या भिंती मात्र बोल्टच्या, घरमालकाला पान्याने काढता येतील अशा. छताची उंची पोटमाळ्यापुरती वाढवली आणि दारापुढे तीन फूट जागा सोडली. खर्च थोडा वाढला. त्यावरून व्हायवाला आमची चांगलीच धुलाई झाली.

पहिल्या शीटवर मी आमच्या खोलीचा प्लॅन लावला होता. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "हे कुणाचं घर?"

"माझं, सर."

अख्ख्या व्हायवात एवढंच एक उत्तर मला पाठ करावं लागलं नव्हतं.