पाऊण तासाचे अंतर

विमानाने जेवायला जाणे ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराच्या तोंडी शोभत नाही. माझ्या कादंबऱ्यांतली माणसेदेखील एस.टी.पलीकडे कधी गेली नाहीत. पण गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी मी खरोखरच नागपूरहून यवतमाळला विमानाने जेवायला गेलो, आणि ते जेवण अजून मला पचलेले नाही.

विमान होते सेसना 152. दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसतील, एवढेच त्याचे पोट. चालवणारा माझा शाळासोबती. यवतमाळला आम्ही एका बाकावर शिकलो. त्याची आई लवकर गेली होती. मधल्या सुट्टीत तो माझ्याबरोबर घरी येई आणि माझी आई काही न विचारता दोन पाने मांडी. 1994 साली आमच्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तेव्हा मी हळहळलो, तो मात्र म्हणाला, "मी तर विमानच चालवीन." मास्तर हसले. मीही हसलो.

"काकूंकडे जेवून येऊ," तो त्या दिवशी सहज बोलल्यासारखे बोलला. मी चपापलो. पोळ्यापासून मी घरी गेलो नव्हतो. परीक्षेचे पेपर, कादंबरीची मुद्रिते, एस.टी.चे तीन तास. फोनवर आईला सांगायला कारणांचा तुटवडा मला कधी पडला नाही.

लहान विमान म्हणजे मनात आले की उडाले, अशी माझी समजूत होती. ती जमिनीवरच फिटली. यवतमाळच्या धावपट्टीवर उतरण्याची परवानगी त्याने आधीच मागून ठेवली होती. परतीचे इंधन इथूनच न्यायचे होते. माझे वजन झाले, त्याचे झाले, आईसाठी घेतलेल्या संत्र्याच्या बर्फीचेही झाले. मग त्याने पंखाखालून थोडे निळसर पेट्रोल काढून उजेडात धरले. त्यात पाणी असले तर ते तळाशी बसते, म्हणाला. शिवाय सूर्यास्ताच्या आत परत यायला हवे; नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला आपल्याकडे रात्र मना आहे.

विमान उठले तेव्हा मी आसनाची कड घट्ट धरली होती, हे कबूल करतो. वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा. कापसाची शेते वरून पांढरीशुभ्र दिसतील असे मला वाटले होते. दिसली ती मातकट, वर कोणी चिमूटभर मीठ भुरकावे तशी. मध्ये तुरीच्या पिवळ्या ओळी, काळ्या ठिपक्यांसारख्या विहिरी. खाली कळंबचा रस्ता लागला. त्यावर एक लाल एस.टी. जागच्या जागी उभी असल्यासारखी चालली होती. हाच रस्ता लांबचा म्हणून मी महिने लोटले होते.

धावपट्टीवर धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. बर्फीच्या पेटीचेसुद्धा वजन करून आलेले आम्ही दोघे, तिसरा भाऊ, असे तिघे एका गाडीवर बसून घरी पोचलो.

आईने विमानाविषयी अक्षर काढले नाही. "हात धुवा पोट्टेहो, भात निवून राह्यला," एवढेच म्हणाली. सोलेभात, वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकर, ठेचा. पहिले पान तिने मित्राला वाढले. बावीस वर्षांनी तो त्या घरी जेवत होता. खाली मान घालून जेवला; भात दोनदा मागून घेतला. मग आईने त्याला विचारले, "किती वेळ लागला रे यायले?"

"पाऊण तास, काकू."

आईने माझ्याकडे पाहिले. "पाऊण घंटा! अन् याले पोळ्यापासून लागला."

भाऊ हसला. मला घास गिळवेना.

तीनच्या सुमारास आम्ही परत उडालो. बराच वेळ इंजिनाची घरघर तेवढी कानात होती. वर्धा नदी उन्हाने चकाकू लागली, तेव्हा हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "तुला बोलल्या. मला काही बोलल्या नाहीत."

"पाहुण्याला कोण बोलतं?" मी त्याची समजूत घालायला म्हणालो आणि जीभ चावली.

"तेच तर," तो म्हणाला. पुढे उतरेपर्यंत आम्ही बोललो नाही. आपल्यावर रागावणारे कोणी उरले नाही, हे माणसाला कुठे कळावे याला काही नेम नाही. त्याला ते हवेत कळले, आणि माझ्यावर रागावणारे माणूस अजून आहे हे मलाही तिथेच कळले.

पुढच्या शनिवारी मी एस.टी.ने यवतमाळला गेलो. तीन तास आणि वर वीस मिनिटे लागली. शेजारच्या आसनावर तो होता. मांडीवर संत्र्याच्या बर्फीची पेटी होती. ह्या वेळी तिचे वजन कोणी केले नाही.

दारात पाऊल टाकले तोच आई त्याच्यावर कडाडली, "काहून रे, मागच्या खेपेले न सांगता काहून आला? पुरण तरी घातलं असतं!"

त्याने मुकाट्याने ऐकून घेतले आणि हात धुवायला मोरीकडे गेला. बराच वेळ तो हात धूत होता.