सरचूचा मुक्काम

मनाली–लेह रस्त्यावर पुढे दरड कोसळली, म्हणून मुक्काम सरचूला. उंची 4,300 मीटरच्या आसपास. डोकं ठणकतंय, अन्नावर वासना नाही, बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धाप लागते. हवेत ऑक्सिजन इथेही 21 टक्केच. पण दाब कमी, म्हणून श्वासागणिक पदरात कमी पडतो. खरा उपाय खाली उतरणं. पण सरचूहून दोन्हीकडे फार खाली उतरायचं तर आधी चढावं लागतं. मनालीच्या बाजूला 4,890 मीटरची बारालाचा खिंड आडवी.

एकट्याला भीती वेगळीच: उंचीचा त्रास वाढून आपण अडखळतोय, बरळतोय हे सांगायला शेजारी कुणी नाही. म्हणून तंबूवाल्या काकांना सांगून ठेवलं, रात्री मधूनमधून हाक मारा. ‘हां बेटा’ म्हणाले. केवढा धीर आला!

एकटे निघणाऱ्यांनो, मनालीकडून येताना आधी खाली जिस्पाला दोन रात्री काढा. सरचूला झोपायचं शक्यतो टाळाच.