आधी जेवणाची वेळ

पनवेलहून खोपोलीकडे जाणारा जुना पुणे रस्ता आमच्या घराच्या पाच पिढ्यांच्या पायाखालचा आहे. पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर, महड, आणि खोपोलीच्या अलीकडे उजवीकडे वळलं की पालीचा रस्ता. आजीच्या काळी या वाटेने जायचं ते महडच्या वरदविनायकाला आणि पालीच्या बल्लाळेश्वराला. २०१३ साली याच खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका सुरू झालं, आणि आमची नातवंडं आता त्या वाटेने जातात ती झोपाळे, पाळणे आणि रोलर कोस्टरसाठी. देवाची गर्दी वेगळी आणि पाळण्यांची वेगळी, असं मला पूर्वी वाटे. पण रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या पोटात दुपारी एकला जे होतं, ते दोन्हीकडे सारखंच. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आमच्या घरात पहिला प्रश्न पूर्वीही तोच असायचा आणि आजही तोच असतो: जेवायचं कधी आणि कुठे?

आजीचा हिशेब पक्का होता. देवळात दुपारी नैवेद्य आणि आरती झाली की सगळी यात्रा एकदम जेवायला उठते. झाडाखालची सावली जाते, नळावर झुंबड उडते, हॉटेलात बाकाशेजारी दुसरं कुटुंब ताटकळत उभं राहतं. मग आजी आम्हाला पहाटे उठवून पनवेल स्टँडवर न्यायची आणि पहिली एसटी पकडायची. पालीला आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर हा दर्शनाचा क्रम. देऊळ पूर्वाभिमुख असल्याने सकाळच्या उन्हात सभामंडप उजळलेला असायचा. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा पाहायला आम्हा मुलांना उचलून घ्यावं लागे. हे सगळं उरकून आम्ही साडेदहाला पंगत मांडलेली असायची. काका कुरकुरत, साडेदहाला कुणाला भूक असते? आजी म्हणायची, भूक लागायच्या आधी जेवलं की भांडण होत नाही. बारा वाजता बाकीचे लोक जागा शोधू लागायचे, तेव्हा आमची धाकटी भावंडं आजीच्या लुगड्याच्या पदराखाली झोपलेली असायची.

तिचा डबा मला आजही जसाच्या तसा दिसतो. पितळी, उभा, कल्हई केलेला, बाजूच्या पट्टीत कडी अडकवायचा. तळच्या पुडात बटाट्याची सुकी भाजी, कांदा न घातलेली, कारण कांद्याची भाजी उन्हात लवकर आंबते. मधल्या पुडात पोळ्या, पण घडीच्या नाहीत. आत लसणीची चटणी आणि तूप लावून घट्ट गुंडाळलेल्या सुरळ्या. एका हाताने खाता येतात, ताट लागत नाही, उभ्याउभ्या मुलाच्या हातात देता येतात. सर्वांत वरच्या पुडात दहीभात. तो ती पहाटे चार वाजता कालवायची: मऊ भात, भरपूर दूध आणि वर दह्याचा जेमतेम एक चमचा. दुपारपर्यंत डब्यातच विरजण लागून तो नुकता दहीभात झालेला असायचा. सकाळीच भरपूर दही घातलं असतं तर दुपारी आंबट ढाण झाला असता. म्हणजे भात कालवतानाच तिने पंगतीची वेळ ठरवलेली असायची. साडेदहाला जेवायचं असेल तर दही चमचाभर जास्त, एकला जेवायचं असेल तर कमी. वेळापत्रक तिच्या हातात होतं ते असं.

अंगारकीला मात्र हे गणित सगळं उलटायचं. संकष्टी मंगळवारी आली की महडची रांग रस्त्यावर येते, आणि महडला भाविकांना गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येण्याची चाल असल्याने रांग सरकते ती सावकाश. मोठ्यांना उपास, तो चंद्रोदयानंतर सुटायचा. मुलांना उपास नाही. मग एका पिशवीत साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू. दुसऱ्या पिशवीत पोळ्यांच्या सुरळ्या. रांगेत मोठ्यांनी जागा धरायची आणि मुलांना दोघादोघांनी बाहेर नेऊन भरवून आणायचं, हे काम आईकडे असे. परतीची एसटी चंद्रोदयाच्या आधी पनवेलला पोचेल अशीच धरायची, कारण मोदकांची उकड घरी काढायची असे. त्या दिवशी आईने स्वतः बसून नीट काही खाल्लेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे कुणी तिला ते विचारतही नसे. आता लिहिताना ते टोचतं.

मी स्वतः हे काम करू लागले ते मुलं शाळेत जाऊ लागल्यावर. तेव्हा मुंबईच्या मुलांना, आणि म्हणून पनवेलच्याही मुलांना, एकच ठिकाण ठाऊक होतं: गोराईचं एस्सेल वर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेलं. शेजारीच १९९८ साली वॉटर किंगडम आलं, आणि त्याच सुमारास हार्बरची लोकल पनवेलपर्यंत पोचली. पनवेलहून मालाड, मालाडहून मार्वेचा धक्का, आणि तिथून खाडी ओलांडणारी बोट. एवढा प्रवास करून मुलं पोचायची ती भुकेलेलीच. मी डबा मार्वेच्या धक्क्यावरच उघडायला लावायचे. पलीकडे रंगीत पाळणे दिसत असायचे, बोट सुटायला थोडाच वेळ, मुलांचं लक्ष घासावर नाही, तरी प्रत्येकाच्या हातात सुरळी दिल्याशिवाय मी कुणाला बोटीवर चढू दिलं नाही. त्यामुळे आत गेल्यावर पहिले तीन-चार तास आमचे मोकळे जायचे. इतर कुटुंबं दीड वाजता जेवणाच्या काउंटरवर असताना आम्ही पाळण्याच्या रांगेत असायचो, आणि त्या तासाभरात रांगा जरा पातळ होतात हे मला तिथेच उमगलं.

इमॅजिकाला ही युक्ती पुरत नाही. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, त्यामुळे आजीचा डबा फाटकाबाहेरच राहतो. उद्यान उघडतं तेही सकाळ बरीच वर आल्यावर. म्हणजे आत शिरून लगेच जेवायचं तर दिवस वाया, आणि चारचौघांबरोबर एकला जेवायचं तर ताट घेऊन टेबल शोधत फिरायचं. आमच्यासारख्या पनवेलकरांना एक सोय आहे, ती वाटेतल्या नाश्त्याची. पळस्प्याला दत्त स्नॅक्सची मिसळ आणि बटाटेवडा सकाळी आठला खाल्ला की दुपारी तीनपर्यंत चिंता नाही. खोपोलीला रमाकांतचा वडा आहेच, पण तो मी परतीच्या वाटेवर ठेवते. जाताना मुलांच्या पोटात तळणाचे दोन थर नकोत.

कारण पोटाचा आणि पाळण्याचा संबंध थेट आहे. नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये पाय अधांतरी असतात आणि गाडी माणसाला डोकं खाली करून फिरवते. त्यात बसायचं ते जेवणाच्या आधी, नाश्ता चांगला जिरल्यावर, म्हणजे बारा ते दोनच्या मध्ये. नेमका तोच वेळ बाकीच्यांच्या जेवणाचा. तीन वाजता जेवण, आणि जेवणानंतर तासभर बैठ्या, सावलीतल्या गोष्टी: सलीमगडसारखी अंधारातली सावकाश जाणारी गाडी, नाहीतर नुसती नातवंडांबरोबर झाडाखाली बैठक. पाण्यातली राइड दुपार कलल्यावर, ओले कपडे अंगावर वाळतील एवढं ऊन शिल्लक असताना. हे मला कुणी शिकवलेलं नाही. आजीच्या दहीभातावरून मी ते लावलं: जेवण एका जागी खिळवून टाकलं की बाकीचा दिवस त्याच्या दोन्ही बाजूंना आपोआप लागतो.

पण एका वर्षी आमच्याबरोबर माझे वडील आले, अण्णा. त्यांना मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन. नाश्ता आठला आणि जेवण तीनला ही चैन त्यांना परवडणारी नव्हती. शिवाय त्यांचं ते झटपट काम करणारं इन्सुलिन. घरी सवय अशी की स्वयंपाकघरातून ताट वाढल्याचा आवाज आला की इंजेक्शन घ्यायचं. बाहेर तसं केलं आणि पुढे अर्धा तास काउंटरवर रांग लागली तर साखर झपाट्याने खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात. म्हणून ठरवलं की इंजेक्शन खिशात, आणि ताट समोर टेबलावर आल्याशिवाय ते बाहेर काढायचं नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या वेगळ्या. आणि सगळ्यांचंच जेवण अलीकडे आणलं, बाराच्या ठोक्याला. उपाहारगृहात तेव्हा जेमतेम दोन-चार टेबलं भरलेली होती. अण्णांनी शर्टाचं खालचं बटण काढून पोटाला सुई लावली, सुई टोपणात घातली, आणि नातवाने पुढे सरकवलेल्या ताटातला पहिला घास लगेच घेतला. पंधरा मिनिटांनी मागे रांग दारापर्यंत गेली होती. त्या दिवशी मुलांचा नायट्रो संध्याकाळवर गेला. कुणी तक्रार केली नाही.

त्याच सकाळी माझ्या मुलाने एक तोड सुचवली होती. आपण दोन तुकड्या करू. आजोबा आणि बायकामुलं बाराला जेवतील, आम्ही तिघं पाळणे करून तीनला खाऊ. हिशेबाने ती बरोबर होती. दोन्ही गर्दी टळतात, कुणाचा वेळ जात नाही. मी नाही म्हटलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाहीच म्हणेन. अशा ठिकाणी दिवसभर आपण एकमेकांपासून तुटलेलेच असतो. कुणाची उंची बसत नाही, कुणाला चक्कर येते, कुणी बाकावर पिशव्या सांभाळतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात तो एवढाच अर्धा तास. तोही रांग वाचवण्यासाठी वाटून टाकायचा तर घरून एकत्र निघायचं कशाला? अंगारकीच्या रांगेत आई आम्हाला दोघादोघांनी भरवायची तो नाइलाज होता, आणि तिला स्वतःला त्यात उपाशी राहावं लागायचं. उपाय असताना तो नाइलाज मी ओढवून घेणार नाही.

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे फ्लोरिडाच्या डिस्नेच्या उद्यानांत टेबलाचं आरक्षण साठ दिवस आधी खुलतं, आणि लोक त्या दिवशी पहाटे उठून ते करतात. साधं खाणं फोनवरून मागवून ठेवता येतं, तयार झालं की फक्त उचलायचं. ती हे सांगत होती तेव्हा मला पहाटे चारला भात कालवणारी आजी आठवली. साधनं बदलली, पहाटेचं उठणं मात्र भाचीच्याच वाट्याला आलं. तिच्या नवऱ्याला आरक्षण कुठलं, किती वाजताचं, हे जेवायला बसेपर्यंत माहीत नसतं, असं ती सहज बोलून गेली. मला ते सहज वाटलं नाही. सहलीचा खर्च घरात सगळ्यांना माहीत असतो, गाडी कोण चालवणार हे माहीत असतं. कुणाला केव्हा भूक लागेल हे मात्र एकाच बाईच्या डोक्यात असतं, आणि ते काम आहे हे कुणाला दिसत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत मी आमच्या घरी एक पद्धत पाडली. आदल्या रात्री सगळ्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसायचं, कालनिर्णय समोर ठेवायचं आणि वेळा मोठ्याने ठरवायच्या.

कालनिर्णय लागतंच. इमॅजिका पालीच्या वाटेवर असल्याने अंगारकी किंवा माघी चतुर्थी असेल तर रस्ता देवाच्या गाड्यांनी भरतो आणि आठचा नाश्ता साडेनऊवर जातो. शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार तर वगळायचेच. रात्रीच्या जेवणाची गोष्टही तिथेच ठरते. उद्यान बंद झालं की सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडतात आणि पुढे एक्स्प्रेस-वेच्या फूड मॉलवर पुन्हा तीच माणसं भेटतात. आम्ही त्या वेळी वाहनतळावरच गाडीची डिकी उघडून सकाळचा डबा काढतो. अर्ध्या तासात जेवण होतं, तोवर फाटकावरची रांगही ओसरते.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीनंतरचा बेत सूनबाईने मांडला आहे. शाळा सुरू झाल्यावरचा बुधवार, नातीची एक दिवस रजा, सकाळी सातला निघायचं. डबा मुलगा भरणार, हे त्याने स्वतःहून कबूल केलं. विरजण किती लावायचं ते मी त्याला दोनदा सांगितलं. नात या वर्षी नायट्रोच्या उंचीत बसते, आणि तिला त्यात दोनदा बसायचंय, तेव्हा जेवण चारला न्या असा तिचा हट्ट आहे. सूनबाई साडेतीनच्या पुढे एक मिनिट जायला तयार नाही. मी तिच्या बाजूने आहे.