दारावरची पाटी

मार्व्याहून तरीने मनोरीला उतरलेल्या माणसाला आमचे घर कुणीही दाखवते. दारावर पाटी लावायची मला कधी गरजच पडली नाही.

परवा विद्यार्थ्यांसाठी संकेतस्थळाचे नाव घेतले. नोंदणीत घरचा पत्ता नि फोन द्यावा लागला. ‘माहिती खाजगी ठेवायची का?’ या चौकटीपुढे मी अडलो. २५ मे २०१८ रोजी युरोपचा कायदा लागू होण्यापूर्वी अशा नोंदी सहसा जगात कुणालाही वाचता येत. मग मीच का लपवू? मी काय चोर आहे?

सौ. म्हणाली, “वाट विचारणाऱ्याचा चेहरा निदान गावाला दिसतो. इथे विचारणारा दिसतो का? आणि तुम्ही कॉलेजात गेल्यावर दार मी उघडते!”

मी निमूट चौकटीत खूण केली. नाव मात्र पहिल्याच पानावर ठळक लिहिले. लिहिल्याची जबाबदारी माझी. दाराची कडी घरच्यांची.