गोळी नेमकी बसते कुठे?

आमच्या भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या गल्लीत, यंत्रमागांची खटखट थांबली की झोपमोड व्हायची. पहिली आकडी मला शाळकरी वयात आली. शेजारणीने नाकाला चप्पल लावली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, आईने नवस बोलला. डॉक्टरांनी मात्र गार्डिनल लिहून दिली, म्हणजे फेनोबार्बिटोन. जर्मनीत १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान यांच्या लक्षात आलं, की झोपेसाठी दिलेल्या या औषधाने आकड्याही कमी होतात. झोपेचं मला वेगळं सांगायला नको; गणिताच्या तासाला माझी मान कलंडायचीच.

गोळी करते काय, हे खूप नंतर वाचलं. कारखान्यात प्रत्येक माग आपापल्या ठेक्यात चालतो. सगळे एकदम एकाच ठेक्यात आपटू लागले तर भिंती हादरतील. आकडीत मेंदूच्या पेशींचं तसंच होतं. गाबा हे रसायन त्यांना आवरतं. ते पेशीवरच्या ग्राहीवर, म्हणजे त्याच्यासाठीच्या खास जागेवर, बसलं की एक दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी पेटत नाही. गार्डिनल तेच दार जास्त वेळ उघडं धरते. आकडीचंच दुसरं औषध, क्लोबाझाम, वेगळ्या जागी बसून ते वरचेवर उघडायला लावते. फ्लुमॅझेनिल या औषधाचा प्रकार मात्र अजब: ते क्लोबाझामच्याच जागेवर बसतं, पण दाराला हात लावत नाही. उलट क्लोबाझामला हुसकावतं, आणि त्यातून आकडी येऊही शकते. नुसती जागा अडवणारे काय, सगळीकडेच असतात.

पुढे वालप्रोएट हे औषध आलं, आणि लग्नाची स्थळंही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्मार, म्हणजे आकडीचा आजार, १९९९च्या दुरुस्तीने वगळला गेला; आमच्याकडे गोळ्यांचा डबा तरीही तांदळाच्या पिंपामागेच राहिला. नवऱ्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं, सासूबाईंना नाही. मूल हवं म्हटल्यावर गर्भाच्या धोक्यामुळे डॉक्टरांनी वालप्रोएट हळूहळू बंद करून लेव्हेटिरासिटॅम सुरू केली. ही गाबाच्या ग्राहीकडे जातच नाही. पेशीत संदेशाची रसायनं साठवणाऱ्या पिशव्यांवर एसव्ही२ए नावाचं प्रथिन असतं, तिथे ती बसते. ही जागा २००४ साली कळली. औषध त्याआधीच बाजारात होतं! या जातीची औषधं तिथे जितकी घट्ट बसतात, तितक्या उंदरांच्या आकड्या चांगल्या थांबतात, असंही दिसलं.

याच जातीची ब्रिव्हारासिटॅम तर तिथे कितीतरी पट घट्ट बसते. मग मला तीच का नको, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "माणसांत तसा सरळ हिशेब लागत नाही. तुम्हाला हिच्यावर आकडी येत नाही ना? मग वेळ चुकवू नका, एवढंच."