पायरीवरचा मांत्रिक

लेक कॉलेजसाठी घर सोडायला दोन आठवडे राहिलेत. रोज रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं तिच्या शेजारी कॉम्प्युटरपुढे बसतो. खेळ ‘बाल्डर्स गेट’, १९९८ चा, म्हणजे तिच्याहून थोरला. आणि आपल्या कॅनडातलाच, एडमंटनच्या बायोवेअर कंपनीचा.

दमूनभागून आपण फ्रेंडली आर्म नावाच्या सराईशी पोचतो. पायऱ्यांवर टार्नेश नावाचा मांत्रिक टपलेला. आधी नावगाव विचारतो (असे लग्नकार्यातही भेटतात म्हणा!) आणि लगेच मंत्र सुरू. स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, मग अशी भीती घालतो की आपली माणसं सैरावैरा पळत सुटतात.

तोड एकच, मंत्र पुरा होऊ द्यायचा नाही. इमोएनकडे जादूची कांडी असते, तिचे बाण नेम चुकत नाहीत. प्रतिमा उभ्या राहायच्या आत ती चालवायची. घाव बसला की मंत्र फुकट. बाकीच्यांनी पांगून उभं राहायचं. स्पेसबार दाबला की खेळ थांबतो, हवा तेवढा विचार करा.

परवा तो पडला! “बाबा, मेला की हो!” लेक ओरडली, चक्क मराठीत. सराईत जहीरा आणि खालिद आमची वाट बघत होते.

“त्यांना उद्या भेटू,” ती म्हणाली. आम्हीही घाई केली नाही.